'वॅप'च्या काळात फोन इंटरनेटपर्यंत पोहोचायचा कसा?

टूजी नेटवर्क बंद करावं की राहू द्यावं, ही चर्चा गेली काही वर्षं अधूनमधून बातम्यांत डोकं वर काढते. जिओ २०१६ साली आली ती थेट फोरजी घेऊन, तिच्याकडे टूजी नाहीच. बाकीच्यांचं टूजी साध्या बटणांच्या फोनसाठी अजून चालू आहे. या चर्चेत नव्या पिढीला एक गोष्ट कोड्यात टाकते. टूजी म्हणजे कॉल आणि एसएमएस, असं आपण धरून चालतो. मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फोनवर 'वॅप', 'जीपीआरएस' या नावांनी जे इंटरनेट मिळायचं, ते नक्की काय होतं? आणि तोच फोन आज चार्ज करून चालू केला, नेटवर्कच्या दांड्या पूर्ण आल्या, तरी एकही पान का उघडत नाही?

'फार हळू होतं हो ते,' हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. ते हळू का होतं, महाग का होतं, सेटिंग टाकताना लोक रडकुंडीला का यायचे आणि बँका त्यावर व्यवहार करायला का कचरायच्या, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तो फोन स्वतः इंटरनेटवर जातच नव्हता. मोबाइल कंपनीकडे बसवलेलं एक यंत्र त्याच्या वतीने इंटरनेटवर जायचं, पान आणायचं, कापून-छाटून फोनच्या हातात द्यायचं. एवढं डोक्यात पक्कं ठेवा, बाकीचं उलगडत जाईल.

फोनच्या अंगात बळ किती होतं?

नोकिया ७११० हा वॅप ब्राउझर असलेला सुरुवातीचा प्रसिद्ध फोन. तो १९९९ च्या अखेरीस बाजारात आला. त्याचा पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६५ ठिपके उंच होता, म्हणजे सगळे मिळून ६,२४० ठिपके, तेही फक्त काळे किंवा पांढरे. आज साध्या स्मार्टफोनचा ७२० बाय १६०० चा पडदा धरला, तर त्यावर याच्या सुमारे १८५ पट ठिपके असतात. मजकुराच्या चार-पाच ओळी मावल्या की पडदा भरला.

पडद्यापेक्षाही मोठी अडचण मेमरीची होती. या फोनला एका वेळी १,३९७ बाइटपेक्षा मोठं पान घेताच येत नव्हतं. बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराला लागणारी जागा. पान याहून मोठं असलं, तर ते अर्धवट दिसण्याऐवजी सरळ चूक दाखवली जायची.

आता वेग. जीएसएम, म्हणजे टूजीचा सर्वांत जास्त पसरलेला प्रकार. ते नेटवर्क बांधलं गेलं ते बोलण्यासाठी. त्यावरून आवाजाऐवजी माहिती पाठवायची म्हटली, तर सेकंदाला ९,६०० बिट जायचे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १,२०० बाइट. आजचं बातम्यांचं एखादं पान २ एमबीचं धरा, ते या वेगाने उतरायला जवळजवळ २८ मिनिटं लागतील. त्यामुळे संगणकावरचं इंटरनेट जसंच्या तसं फोनवर आणण्याचा विचारच शक्य नव्हता.

आधी डायल करा, मग पान बघा

सुरुवातीची पद्धत होती डेटा कॉलची. 'कनेक्ट' दाबलं की फोन खरोखरच एक नंबर लावायचा. पलीकडे कंपनीचा मोडेम, म्हणजे फोनच्या वाटेने माहितीची देवघेव करणारं यंत्र, तो उचलायचा आणि दोघांमध्ये एक वाट पूर्णवेळ राखून ठेवली जायची. सेटिंगमध्ये कॉलचा प्रकार 'अॅनालॉग' ठेवला असेल, तर दोन्हीकडच्या मोडेमची ओळखपाळख होण्यातच अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ जाई. 'आयएसडीएन', म्हणजे डिजिटल जोडणी, निवडलं आणि कंपनीकडे ती सोय असली, तर तेच काम काही सेकंदांत व्हायचं. हा एक पर्याय बदलल्याने मोठा फरक पडायचा आणि बहुतेकांना तो माहीतच नसायचा.

पैसे मात्र मिनिटांवर लागत. स्वारगेटहून डेक्कनला रिक्षा केलीत आणि मध्ये मंडईत भाजी घ्यायला उतरलात, तरी वेटिंग चालूच राहतं, तसंच हे. पान एक-दोन सेकंदांत उतरायचं, पण तुम्ही ते दोन मिनिटं वाचत बसलात तर त्या दोन मिनिटांचेही पैसे. फोनमध्ये 'सेशन मोड' नावाचा पर्याय असे. तो 'परमनंट'वर असला आणि वाचून झाल्यावर माणूस फोन तसाच खिशात टाकून निघाला, की कॉल आपोआप तुटेपर्यंत मीटर पळत राही. पहिली भरमसाट बिलं आली ती अशी.

मधलं यंत्र: गेटवे

१९९७ साली एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी वॅप फोरम स्थापन केला. वॅप हे 'वायरलेस अॅप्लिकेशन प्रोटोकॉल'चं लघुरूप. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेत बोलायचं याचे ठरलेले नियम. वॅपची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली.

त्यांनी फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये गेटवे नावाचा संगणक बसवला. फोन गेटवेला सांगणार, 'मला अमुक पान हवंय.' गेटवे नेहमीच्या इंटरनेटवर जाऊन ते पान आणणार, आवळून बारीक करणार आणि रेडिओवरून फोनकडे धाडणार. पानंही वेगळ्या भाषेत लिहिलेली असत, तिचं नाव डब्ल्यूएमएल. या भाषेत एका फाइलला 'डेक', म्हणजे पत्त्यांचा जोड म्हणत आणि तिच्यात अनेक 'कार्डं' असत. एक कार्ड म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा मजकूर. डेक एकदाच उतरवायची आणि आतली कार्डं पुन्हा कनेक्ट न होता उलटत बसायची. हवामानाचं डेक असेल तर पहिल्या कार्डावर शहरांची यादी आणि पुढच्या कार्डांवर एकेका शहराचं तापमान.

गेटवे पान बारीक कसं करायचा हे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण यात खरी हुशारी आहे. डब्ल्यूएमएलमध्ये कार्ड सुरू झालं हे सांगणारी खूण इंग्रजीत कंसासकट लिहायला ६ बाइट लागतात आणि कार्ड संपल्याची खूण ७ बाइटची. गेटवे आणि फोन या दोघांकडे एक सारखाच तक्ता असे. त्यात कार्ड म्हणजे सोळाअंकी पद्धतीत २७, परिच्छेद म्हणजे २०, ओळ तोडणं म्हणजे २६, असे आकडे ठरलेले. त्यामुळे सुरुवातीच्या खुणेला एक बाइट, शेवटाला एक बाइट, आणि १३ बाइटचं काम २ मध्ये व्हायचं. एखाद्या दुव्यात वेबपत्त्याची नेहमीची सुरुवात, म्हणजे एचटीटीपीपासून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूपर्यंतचा भाग, तोसुद्धा एका बाइटात बसवलेला होता. चित्रांनाही हाच नियम: एका ठिपक्याला एकच बिट, काळा किंवा पांढरा. पूर्ण पडदाभर चित्र म्हणजे ७८० बाइट आणि वर थोडीशी डोकेपट्टी.

या आवळण्यात मजकूर मात्र तसाच राहायचा, आकसायच्या त्या फक्त खुणा. मराठीच्या दृष्टीने याला महत्त्व आहे, ते पुढे येईल.

पान पाठवण्याची रीतही बदलावी लागली. इंटरनेटवर माहिती पोहोचवणारा नेहमीचा नियम म्हणजे टीसीपी. एखादा तुकडा हरवला की टीसीपी समजतं, वाटेत गर्दी झाली, आणि वेग कमी करतं. तारेवर हे बहुधा बरोबर ठरतं. रेडिओवर मात्र तुकडा हरवतो तो तुम्ही जिन्यात शिरलात किंवा भिंतीआड गेलात म्हणून. तिथे वेग कमी करून काही साधत नाही, तो तुकडा पुन्हा पाठवणंच बरं. शिवाय टीसीपीत माहितीचा पहिला बाइट निघण्याआधीच एक येरझार नमस्कार-चमत्कारात जाते आणि त्या काळच्या नेटवर्कवर अशी येरझार अर्धा सेकंद ते एक सेकंद खायची. म्हणून वॅपने मागणी आणि उत्तर झटपट उरकणारी स्वतःची हलकी रीत बनवली.

जीपीआरएस आलं तेव्हा नक्की काय बदललं?

लोक वॅप आणि जीपीआरएस हे शब्द एकाच अर्थाने वापरायचे, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॅप म्हणजे पान मागण्याची आणि दाखवण्याची रीत, जीपीआरएस म्हणजे ते पान हवेतून वाहून आणायची वाट. डेटा कॉलवरही वॅप चाले आणि जीपीआरएसवरही.

जीएसएममध्ये प्रत्येक रेडिओ वाहिनी वेळेनुसार आठ फटींत विभागलेली असते. आठही फटींचं एक आवर्तन साधारण ४.६ मिलिसेकंदांत पुरं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक कॉल म्हणजे एक फट. डेटा कॉलने ही फट अडवून ठेवली जायची, तुम्ही काही पाठवा वा न पाठवा. जीपीआरएसमध्ये माहितीचे छोटे तुकडे करून फट रिकामी दिसेल तेव्हा पाठवतात, आणि तीच फट चार-पाच लोक आळीपाळीने वापरतात. रिक्षाचंच बोलायचं तर ही शेअर रिक्षा झाली. पैसेही मिनिटाऐवजी किलोबाइटवर लागू लागले.

त्या वेळचे बरेचसे फोन उतरवताना चार फटी एकत्र वापरू शकत. एका फटीतून १३.४ किलोबिट धरले तर चारांचे ५३.६. हा आकडा जाहिरातीचा. हातात पडायचे ३० ते ४०, गर्दीच्या वेळी त्याहून कमी. कारण उघड आहे: बोलण्याचे कॉल आधी, उरलेल्या फटी डेटाला. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची खरेदी जोरात असताना तिथल्या टॉवरवर कॉलचीच रांग लागलेली असेल, तर डेटाच्या वाट्याला काय येणार? नंतर एज (EDGE) ही जीपीआरएसची सुधारित आवृत्ती आली. तिने फटी तेवढ्याच ठेवून प्रत्येक रेडिओ ठोक्यात एकाऐवजी तीन बिट भरले आणि कागदावरचा वेग चार फटींना २३६.८ किलोबिटवर नेला. सिग्नल कच्चा असला की मात्र ठोक्यात इतकं भरणं जमत नाही आणि वेग खाली येतो.

यातून दोन चमत्कारिक अनुभव यायचे. पहिला: कॉल आला की डेटा थांबायचा, कारण बहुतेक फोनना दोन्ही कामं एकाच वेळी जमत नव्हती. काही नेटवर्कवर तर उलटही व्हायचं. फोन पान उतरवण्यात गुंतलेला असला, की येणाऱ्या कॉलची सूचनाच त्याच्यापर्यंत पोहोचत नसे आणि समोरच्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू यायचं. दुसरा अनुभव प्रवासातला. बोलताना तुम्ही एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलात, तर नेटवर्क कॉल अलगद पुढे सोपवतं. जीपीआरएसमध्ये साधारणपणे फोनच आपणहून जुना टॉवर सोडून नवा धरायचा आणि मधले काही सेकंद कोरडे जायचे. डेक्कन क्वीनने खंडाळ्याचा घाट उतरताना बोगद्यांमागून बोगदे येतात. तिथे कॉल कसाबसा तगला तरी पान हटकून अडकायचं.

'जी' दिसतोय, पण पान उघडत नाही

ही तक्रार तेव्हाच्या प्रत्येक मोबाइल दुकानात रोज यायची. तिचं निदान सोपं आहे, कारण जोडणी दोन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी: फोन नेटवर्कला सांगतो की मी डेटासाठी हजर आहे. पडद्यावरचा 'जी' एवढंच दाखवतो. दुसरी पायरी: फोन एक नाव सांगतो, त्या नावावरून कंपनी ठरवते की याला कोणत्या दारातून बाहेर सोडायचं, आणि त्याला आयपी पत्ता देते. हे नाव म्हणजे एपीएन, 'अॅक्सेस पॉइंट नेम'. बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम' ही त्यातलीच नावं. 'जी' आहे पण पान नाही, म्हणजे पहिली पायरी झाली आणि दुसरीवर गाडी अडली. एपीएनमध्ये एखादा बिंदू राहिला असेल, शेवटी नकळत रिकामी जागा पडली असेल, किंवा डेटाची सेवाच चालू केलेली नसेल.

कंपन्यांकडे साधारण तीन दारं असायची: वॅपचं, थेट इंटरनेटचं आणि एमएमएसचं. वॅपच्या दारातून गेलात तर गेटवेचा आयपी पत्ता भरावाच लागे. इंटरनेटच्या दारातून जाताना तोच पत्ता भरलेला राहिला, की फोन तिथे नसलेल्या गेटवेची वाट बघत बसणार. ब्राउझिंग व्यवस्थित, पण फोटो जात नाही, ही तक्रार आली की एमएमएसचं दार बघायचं. आणखी एक फसवी जागा 'कनेक्शन सिक्युरिटी'ची. ती बंद असेल तर फोन गेटवेचा ९२०१ क्रमांकाचा पोर्ट ठोठावतो, चालू असेल तर ९२०३. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरची वेगवेगळ्या कामांची खिडकी. कंपनीने ९२०३ उघडलाच नसेल, तर 'सिक्युरिटी असलेली बरी' म्हणून तो पर्याय चालू करणाऱ्याला उत्तरच मिळायचं नाही.

हा सगळा ताप वाचावा म्हणून सेटिंग एसएमएसने येऊ लागली. हे एसएमएस वाचण्याचे नसत, फोनसाठी असत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, त्यामुळे पूर्ण सेटिंग दोन-चार तुकड्यांत यायची. एक तुकडा मागे राहिला तर काहीच दिसायचं नाही. सगळे आले की फोन पिन विचारायचा, आणि तो सांगितलेला नसला तर बहुधा १२३४ असायचा.

फोन संगणकाला जोडून त्यावर इंटरनेट चालवायचं असेल, तर डायल करायचा नंबर होता *९९***१#. हा खरा फोन नंबर नव्हे. 'पहिल्या क्रमांकाची डेटा जोडणी सुरू कर,' असा तो फोनमधल्या मोडेमला हुकूम होता. रिलायन्सच्या सीडीएमए फोनवर हेच काम #७७७ करायचं, कारण ते नेटवर्कच निराळ्या जातीचं होतं.

पैसे कुठे जायचे?

वापराल तेवढेच पैसे द्या या पद्धतीत '१० किलोबाइटला १० पैसे' हा दर आपल्याकडे अनेक वर्षं प्रचलित होता. ऐकायला किरकोळ वाटतो. हिशोब केला की एक एमबीला सव्वादहा रुपयांच्या आसपास जातो. वॅपचं पान एक-दोन किलोबाइटचं, ते परवडायचं. तोच माणूस इंटरनेटच्या दारातून २ एमबीचं पान उघडून बसला, की एका पानाला वीस रुपये. वर प्रत्येक जोडणीत वापर पुढच्या १० किलोबाइटला पूर्ण धरला जायचा. त्यामुळे सतत जोडणं-तोडणं महाग पडे, एकदा जोडून सलग काम उरकणं स्वस्त.

यापेक्षा वाईट प्रकार रिंगटोन आणि वॉलपेपरचा. गेटवे पान मागताना त्या मागणीला ग्राहकाचा मोबाइल नंबरही चिकटवू शकत असे. सोय अशी की लॉगिन लागत नाही, पानाला तुम्ही कोण ते आपोआप कळतं. धोका असा की एका दुव्यावर बोट पडलं आणि सेवा सुरू, पैसे थेट बॅलन्समधून वजा. ग्राहकाने नाव दिलेलं नसे, कार्ड दिलेलं नसे, सही तर नाहीच. ही सरळसरळ लुबाडणूक होती आणि ती बरीच वर्षं चालू दिली गेली. अखेर २०१३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अशा सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाकडून दोनदा होकार घेणं बंधनकारक केलं.

पासवर्ड सुरक्षित होता का?

अर्धवट. फोनपासून गेटवेपर्यंत एक कुलूप, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवायची सोय, असायचं, डब्ल्यूटीएलएस नावाचं. गेटवेपासून बँकेपर्यंत इंटरनेटचं नेहमीचं कुलूप. पण दोन्ही कुलपं वेगळी असल्यामुळे गेटवेला पहिलं उघडून दुसरं लावावं लागे. मधल्या क्षणी तुमचा पासवर्ड गेटवेच्या मेमरीत उघडा असायचा. तज्ज्ञ याला 'वॅप गॅप' म्हणत. चोरी होतच होती असं नाही, पण मोबाइल कंपनीच्या यंत्रावर तुमची आणि बँकेची गुपितं क्षणभर उघडी पडतात, हे कोणत्याही बँकेला रुचणारं नव्हतं. काही बँकांनी उपाय म्हणून स्वतःच्या आवारात स्वतःचा गेटवे बसवला. २००२ मध्ये वॅपची दुसरी आवृत्ती आली. तिने टीसीपी आणि नेहमीचं कुलूप यांना जागा दिली आणि फोन ते बँक असं सलग कुलूप शक्य झालं. पानांची भाषाही नेहमीच्या वेबच्या जवळ आली.

गेटवेच अडचणीचा होता, तर जपानमध्ये हेच कसं चाललं?

हा आक्षेप रास्त आहे. एनटीटी डोकोमोने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड सुरू केलं आणि ते तुफान चाललं. तिथेही रेडिओचा वेग ९.६ किलोबिटच होता आणि मध्ये कंपनीचं यंत्रही होतं. फरक दोन ठिकाणी होता. डोकोमोने पहिल्या दिवसापासून तुकड्यांची पद्धत वापरली आणि १२८ बाइटच्या एका तुकड्याला ०.३ येन असा दर ठेवला. डायल करणं नाही, वेटिंग नाही. दुसरं म्हणजे पानांसाठी वेबच्याच भाषेची छोटी आवृत्ती घेतली, त्यामुळे ज्याला वेबपान करता येई त्याला आय-मोडचं पानही करता येई. वॅपसाठी नवी भाषा, नवे नियम शिकावे लागत आणि प्रत्येक फोन तेच पान वेगळं दाखवी. माझ्या मते वॅपचं खरं नुकसान डेटा कॉलच्या मिनिटांच्या मीटरने केलं. जीपीआरएस येईपर्यंत लोकांच्या मनातून ते उतरलेलं होतं.

मराठी पानं का दिसत नव्हती?

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यातच, सी-डॅकच्या जिस्ट गटाने केलं होतं. फोनवर मात्र दोन भिंती आड आल्या. पहिली जागेची. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'पुणे' हा शब्द घ्या: प, उकार, ण, मात्रा. चार चिन्हं, १२ बाइट. इंग्रजीत तेच नाव ४ बाइटचं. मजकूर आवळला जात नव्हता हे वर आलंच आहे. म्हणजे १,३९७ बाइटच्या पानात, खुणांना काहीच लागत नाही असं धरलं तरी, ४६५ चिन्हं, जेमतेम ऐंशीएक शब्द. एसएमएसलाही हाच फटका बसतो: इंग्रजीत १६० अक्षरं, मराठीत ७०.

दुसरी भिंत अक्षरं जुळवण्याची. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनाच्या नंतर येते आणि दाखवायची असते आधी. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' यांसाठी दोन-तीन चिन्हांची एक आकृती करावी लागते. फोनमध्ये हे करणारी व्यवस्था नसेल, तर चौकोन दिसतात किंवा वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

ही कोंडी फोडली ओपेरा मिनीने. २००६ च्या जानेवारीत हा ब्राउझर जगभर खुला झाला. त्याचं तत्त्व गेटवेचंच होतं: ओपेरा कंपनीचा सर्व्हर पूर्ण पान उघडतो, आवळतो आणि फोनला तयार रूप पाठवतो. पण हा मध्यस्थ मोबाइल कंपनीने लादलेला नव्हता, आणि त्याला खास वॅपची पानं लागत नव्हती, कोणतंही वेबपान चालायचं. पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप केलं की लपलेली यादी उघडायची. तिच्यात शेवटाकडे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय होता. तो 'येस' करून सेव्ह केला, की सर्व्हर मराठी अक्षरं स्वतः जुळवून त्यांची चित्रं पाठवायचा आणि फोनमध्ये देवनागरी नसतानाही मराठी वर्तमानपत्र नीट वाचता यायचं. चित्रांमुळे डेटा जरा जास्त जाई. साध्या फोनवर मराठी वाचणाऱ्यांवर या एका पर्यायाचे फार उपकार आहेत. त्याची किंमतही समजून घ्यायला हवी: कुलूप इथेही मध्येच उघडलं जायचं, आता ओपेराच्या सर्व्हरवर. त्यामुळे असं पान वाचायला उत्तम, पण बँकेच्या पासवर्डसाठी योग्य नाही.

तोच फोन आज चालू केला तर?

सिम आधी बघा. जिओचं सिम टूजी फोनवर चालणारच नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागेल. नेटवर्क आलं आणि एपीएन नीट भरला, तर 'जी' किंवा 'ई' दिसू शकतो. त्यानंतर गाडी अडते ती तीन ठिकाणी. जुना वॅप गेटवे जागेवर नसेल, तर वॅपच्या दाराचं सेटिंग निरुपयोगी. थेट इंटरनेटच्या दारातून गेलात तर डब्ल्यूएमएलची पानं आता जवळजवळ कोणी ठेवत नाही. आणि आजची बहुतेक संकेतस्थळं कुलपाशिवाय बोलतच नाहीत. ते कुलूप टीएलएस १.२ किंवा त्यापुढचं लागतं. ती आवृत्ती २००८ ची, त्याआधीच्या फोनला ती माहीत असणं शक्यच नाही. बॅटरी काढून ठेवल्यामुळे फोनची तारीख मागे गेलेली असेल, तर 'सर्टिफिकेट'ची वेगळीच चूक दिसते. ती तारीख दुरुस्त केल्यावर जाते, पण कुलपाचा प्रश्न तसाच राहतो.

*९९# मात्र अशा फोनवरूनही लावता येतं. आकडे मोडेमच्या त्या जुन्या हुकुमासारखे दिसतात, काम अगदी वेगळं आहे. ही एनपीसीआयची, म्हणजे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची, बँकिंग सेवा आहे आणि ती यूएसएसडीवर चालते, म्हणजे कॉल जोडण्यासाठी नेटवर्क जो संदेशमार्ग वापरतं त्याच मार्गावरून. तिला जीपीआरएस लागत नाही, एपीएन लागत नाही, ब्राउझर तर नाहीच. बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्या फोनमध्ये असलं, की शिल्लक बघता येते आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पैसेही पाठवता येतात.